आदरापोटी चाळीस अंश

गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. ज्यांच्या घरी इलेक्ट्रिक शेगडी आहे त्यांनी निदान आईकडे तरी पाहिलं असेल. त्या पिवळ्या रंगावर माझं घर चालतं.

आपल्या मंडळाच्या अंकाची संपादक स्वाती फोनवर म्हणाली, "सुहास, दरवर्षी तेच येतं रे. कोडिंग, ऑनसाइट, लेऑफ. तुझं काहीतरी वेगळंच काम आहे ना? आगीचं? त्यातले गमतीचे किस्से लिही. हलकंफुलकं." मी बरं म्हटलं. मी सगळ्यांना बरंच म्हणतो. पुढे जे लिहिलं आहे ते का लिहिलं आहे, ते तिथूनच सुरू होतं.

आधी धंदा समजावून सांगतो. काच वितळवणारे, विटा भाजणारे, कचरा जाळणारे असे अनेक कारखाने गॅसच्या मोठमोठ्या ज्योतींवर चालतात, आणि ज्योत नेमकी किती तापली आहे हे त्यांना हवं असतं. थर्मामीटर घालता येत नाही. तो त्या तापात टिकत नाही. धातूची तार घातली तर तारेचं तापमान कळतं, ज्योतीचं नाही. म्हणून ज्योतीला हात न लावता, तिच्या प्रकाशावरून ताप ओळखावा लागतो. ज्योतीत चिमूटभर मीठ सोडायचं. मिठातलं सोडियम तापलं की एकाच ठरलेल्या पिवळ्या रंगाचा प्रकाश देतं. लोलक लावलेल्या दुर्बिणीतून पाहिलं की तो पिवळी रेष होऊन दिसतो.

आता ज्योतीच्या पलीकडे एक दिवा ठेवायचा. हा दिवा आपल्या हातातला. किती करंट दिला की तो किती तापतो हे आधीच ठरवलेलं. ज्योतीतून आरपार दिव्याकडे पाहायचं. दिव्याचा प्रकाश लाल-हिरवा-निळा असा पट्टा होऊन दिसतो. दिवा ज्योतीपेक्षा थंड असला तर त्या पट्ट्यावर सोडियमची रेष उजळ दिसते. दिवा ज्योतीपेक्षा गरम असला तर तीच रेष काळी. दिवा हळूहळू वाढवत नेला तर मध्ये एक क्षण असा येतो की रेष नाहीशी होते. त्या क्षणी दिवा आणि ज्योत यांचं तापमान सारखं. झालं मोजून.

म्हणजे आमच्या धंद्यात काही न दिसणं हेच उत्तर असतं. अडचण एवढीच, की ज्याला नीट दिसत नाही त्यालाही काही दिसत नाही.

मला हे शिकवलं दातारकाकांनी. नात्याने ते माझे कोणी नाहीत. मूळचे सांगलीचे, इथे फार आधी आलेले, डॅलसच्या उत्तरेला असलेल्या आमच्या छोट्या कंपनीचे सर्वांत जुने इंजिनिअर. मी नागपूरहून आलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला तेच आले होते. अपार्टमेंट मिळेपर्यंत मी त्यांच्याच घरी होतो, काकूंच्या हातचं वरण-भात खाऊन. नोकरीसाठी मालकाकडे शब्दही त्यांनीच टाकला. त्यामुळे ऑफिसातही ते काकाच. आमचा मालक गॅरी त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारायचा तेव्हा कितीतरी दिवस माझ्या अंगावर काटा यायचा.

रेष नाहीशी झाली की काका दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणायचे, "गेली!" हा शब्द सगळ्या लॅबला पाठ झाला होता. गॅरी दारात उभा राहून कॉफी पीत विचारायचा, "इज इट गेली?" काका म्हणायचे, "नॉट येट गेली." पाहुणे ग्राहक समजायचे की हा शास्त्रीय शब्द आहे. एकाने तर स्पेलिंग विचारलं होतं.

मी आल्यानंतर थोड्याच काळात कॅमेरे आणि कॉम्प्युटर आले. रेषांची चमक मोजून ते आकडा देऊ लागले. पण कॅमेऱ्यालाही कोणीतरी सांगावं लागतं की हे इतकं म्हणजे इतकं. ते काकांचा डोळा सांगायचा. कंपनीच्या प्रत्येक रिपोर्टच्या मुळाशी काकांचं "गेली" असे.

स्वातीला हवा तसा एक किस्सा सांगूनच टाकतो. वीटभट्टीवर गेलो होतो आणि मिठाची बाटली लॅबमध्ये राहिली. मी तिथल्या कॅन्टीनमधून मीठ मागून आणलं. काकांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "अरे, रेष कसली मरतुकडी आहे ही? काय टाकलंस?"

"मीठच आहे, काका."

त्यांनी डोळा काढून नुसत्या ज्योतीकडे पाहिलं. ती जांभळट झाली होती. "हे मीठ नाही रे, हे बीपीवाल्यांचं मीठ आहे! सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं. तुझी काकू मला रोज हेच घालते. जिभेला कळत नाही आणि ज्योतीलाही कळत नाही." मग बराच वेळ हसत होते.

दुसरा ग्राहक एक बार्बेक्यूवाला. स्पर्धा जिंकलेला, टोपी कधीही न काढणारा. त्याच्या ओकच्या लाकडाची ज्योत शेजाऱ्याच्या ज्योतीपेक्षा गरम आहे असं सर्टिफिकेट त्याला पाहिजे होतं. काका पक्के शाकाहारी. त्या मांसाच्या धुरात नाकाला रुमाल बांधून त्यांनी चोख माप घेतलं. शेजाऱ्याची ज्योत जास्त गरम निघाली. त्याने सर्टिफिकेट नेलं नाही, पण काकांसाठी भाजलेली कणसं पाठवली.

किस्से एवढेच. आता मुद्द्याचं.

काका मला नेहमी सांगायचे, रेषेकडे दोन्ही बाजूंनी यायचं. एकदा दिवा मंद ठेवून वाढवत न्यायचा, एकदा प्रखर ठेवून उतरवत आणायचा, आणि मधला आकडा धरायचा. म्हणजे डोळ्याची चूक डोळाच फेडतो. एक वर्ष माझ्या लक्षात आलं की काका वरून खाली येईनासे झालेत. फक्त मंद दिव्याकडून वर जायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "वेळ वाचतो." पण प्रखर दिव्याकडे पाहताना ते डोळे बारीक करायचे, आणि मग रुमालाने पुसायचे.

एकदा ते "गेली!" म्हणाले आणि चहा करायला गेले. सहज म्हणून मी दुर्बिणीला डोळा लावला. रेष तिथेच होती. हळदीची रेघ ओढावी तशी, ढळढळीत. मी करंट वाढवत गेलो, वाढवत गेलो, तेव्हा कुठे ती दिसेनाशी झाली. फरक चाळीस अंशांचा. पुढच्या वेळी पाहिलं, चाळीसच. त्याच्या पुढच्याही वेळी तेवढाच.

माझ्या जागी गॅरी असता तर म्हणाला असता, "मित्रा, डोळे तपासून घे," आणि विषय दहा मिनिटांत मिटला असता. मला ते जमलं नाही. ज्या माणसाच्या सोफ्यावर मी महिनाभर झोपलो, ज्याने मला ही रेष पहिल्यांदा दाखवली, त्याला मी सांगायचं की काका, तुम्हाला रेष दिसत नाही? मी तसा वाढलो नाही. आपल्यापैकी कितीजण तसे वाढलेत?

मग मी एक सभ्य उपाय काढला. काका फक्त दिव्याचा करंट सांगायचे. त्याचं तापमान करण्याचं गणित माझ्याकडे असे. त्या गणितात मी गुपचूप चाळीस अंश मिळवू लागलो. काकांचा मान राहिला, रिपोर्ट बरोबर गेले, कोणाचं काही बिघडलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. मनात म्हणायचो, हे अमेरिकन पोरांना सुचणार नाही. ते खरंच होतं. त्यांना सुचलं नसतं.

त्या हिवाळ्यात काका पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला पुण्याला गेले. येताना चितळे सोडून दुसऱ्याच कोणा दुकानदाराची बाकरवडी आणली, तीही उत्तम होती. पुन्हा कामावर बसले. चष्म्याची फ्रेम तीच, खुर्ची तीच, "गेली!" तेच. मी दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं नाही. कशाला पाहायचं? काकांचा डोळा मला पाठ होता.

त्यानंतर ओक्लाहोमातल्या एका बाटल्यांच्या कारखान्याचं काम आलं. लोणच्याच्या बरण्या करायचे. काचेच्या भट्टीत नवे बर्नर बसवले होते आणि त्यांना गॅस किती सोडायचा हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. काचेच्या मालातच सोडियम असतं, त्यामुळे मिठाची गरज नव्हती; रेष आयती मिळाली. काकांनी करंट सांगितला, मी चाळीस मिळवले. रिपोर्ट म्हणाला, ज्योत गरजेपेक्षा बरीच गरम आहे. कारखान्याने विश्वास ठेवून गॅस कमी केला. त्यानंतर बाहेर पडलेल्या बरण्यांत बारीक बारीक बुडबुडे होते, सोड्याच्या ग्लासात असतात तसे. काच नीट वितळलीच नव्हती. भट्टी काही दुधाचं पातेलं नसते, पुन्हा तापवली आणि झालं असं होत नाही. बरेच दिवस त्यांचा माल वाया गेला. गॅरीने दुसरी एक कंपनी बोलावून लेझरने मोजून घेतलं.

मीटिंगमध्ये तो आकडा पडद्यावर आला. आमच्यापेक्षा चाळीस अंश कमी.

मला काही कळायचं बाकी राहिलं नाही. म्हणजे का ते कळलं नाही, पण कोणाचे चाळीस ते कळलं. गॅरीने टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं. माझ्या ग्रीन कार्डचे कागद तेव्हा कंपनीकडूनच गेलेले होते. नोकरी गेली असती तर बायको आणि सहा वर्षांच्या मुलीसकट बॅगा भराव्या लागल्या असत्या. हे कारण आहे. याला सबब म्हणा हवं तर, मी भांडणार नाही.

काका उठून उभे राहिले. "माझं रीडिंग होतं," ते इंग्रजीत म्हणाले. "माझा डोळा. सुहासने मी दिलेलंच वापरलं."

मी टेबलाकडे पाहत होतो. टेबल लाकडासारखं दिसणारं, पण लाकडाचं नव्हतं. इतकं नीट मी ते आधी कधीच पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात काका रिटायर झाले. गॅरी वाईट माणूस नाही. केक आणला, भाषण केलं, केकवर आयसिंगने "गेली" लिहून आणलं होतं. काका हसले. मला विभागप्रमुख केलं गेलं. घरी बायको म्हणाली, "काकांना पेढे देऊन ये." मी देऊन आलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आणखी वीस वर्षं गप्प राहिलो असतो. पण आपल्या मंडळाच्या गणपतीचे डोळे काका आखायचे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. मूर्ती शाडूची, इथेच करायची, आणि शेवटची डोळ्यांची आखणी काकांची. श्वास रोखून, एका झटक्यात. त्या वर्षी त्यांनी ब्रश हातात घ्यायला नकार दिला. "माझ्या नजरेवर आता भरवसा नाही राहिला," म्हणाले. "देवाला तिरळा करायचो." सगळे हसले. तेव्हापासून डोळ्यांचे स्टिकर येतात.

त्याच गणपतीत काकू माझ्या ताटात मोदक वाढताना म्हणाल्या, "काय करायचं यांचं? पुण्याला एवढं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, तरुण माणसासारखं दिसेल. आणि हे बघ कसे घाबरून बसलेत."

"ऑपरेशन? कधी?"

"अरे, मुंजीला गेलो होतो ना तेव्हा. मुंज कसली, मुलगा अजून पाळण्यात होता. ऑफिसात कळलं तर म्हातारा म्हणून बाजूला बसवतील म्हणून कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा घालून आले."

मी मोदक तसाच धरून उभा राहिलो. त्यांनी मोतीबिंदू लपवला. मी त्यांचा मोतीबिंदू झाकला. मग त्यांनी तो काढला, आणि काढल्याचंही लपवलं. दोन सभ्य माणसं एकमेकांना न दुखवता एक अख्खी काचेची भट्टी घालवून बसली. आणि काकांना जेव्हा तरुणासारखं दिसू लागलं होतं, नेमकं तेव्हाच मी त्यांना पटवून दिलं की त्यांचा डोळा संपला. ते मोतीबिंदूला जमलं नव्हतं.

तरी मी सांगितलं नाही. दर दिवाळीला फराळ घेऊन जायचो. ग्रीन कार्ड आलं, मग नागरिकत्व आलं, मुलगी कॉलेजला गेली. माझी एकेक कारणं संपत गेली आणि मी गप्पच राहिलो. तेव्हा कळलं की कारण ग्रीन कार्ड नव्हतं.

स्वातीचा फोन आला तेव्हा मी आधी फक्त बीपीच्या मिठाचा आणि बार्बेक्यूवाल्याचा किस्सा लिहिला. छान झाला होता. वाचून पाहिला तर काका त्यात इतके गोड दिसत होते की मला माझीच लाज वाटली. मग गेल्या शनिवारी उठलो आणि त्यांच्या घरी गेलो.

काका आता ऐंशीला टेकलेत. काकू नऊवारी नेसून तयार होत्या; मैत्रिणीच्या सुनेच्या मंगळागौरीला जायचं होतं, इथे मंगळागौरही शनिवारीच होते. काका त्यांना सोडायला निघालेले, गाडीची किल्ली बोटात फिरवत. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं बसा." ते बसले. मी सगळं सांगितलं. चाळीस अंश, बरण्या, मीटिंग, सगळं. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली. काकू दाराशी पर्स घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग म्हणाले, "म्हणजे ओक्लाहोमाचं माझं रीडिंग बरोबर होतं."

"हो."

"अंशापर्यंत?"

"लेझरशी जुळत होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवलं नाही. ते हसू होतं. सरळ, लहान मुलाचं. "काकू! ऐकलंस का? बरोबर होतं!" त्यांनी स्वतःच्या बायकोला काकू म्हटलं, इतके ते भान विसरले होते.

मग ते हसू विरलं आणि आवाज बदलला. "आणि त्याच्या आधीचं? चाळीसने चुकायचो तेव्हा? ते तुला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

"सुहास, त्या वर्षी रविवारच्या मराठी शाळेला पोरं कोण न्यायचं?"

मला आठवेना. आणि मग आठवलं.

"हायवेवरून," काका म्हणाले. "पाच पोरं मागे बसवून. समोरच्या गाडीचे लाल दिवे मला फुलबाजीसारखे दिसायचे. मला वाटायचं, सगळ्यांनाच तसे दिसत असतील, वय झालं की. माझी नात होती त्यात. तुझी पोरगी होती! तुझी! तुला ठाऊक होतं की या माणसाला दिसत नाही, आणि तू दर रविवारी तिला सीटबेल्ट लावून माझ्या गाडीत बसवून टाटा करायचास?"

इतकी वर्षं मी बरण्यांचा विचार करत होतो, काकांच्या मानाचा, माझ्या नोकरीचा, गणपतीच्या डोळ्यांचा. हा विचार मला एकदाही आला नव्हता. ज्योतीतली रेष त्यांना दिसत नाही एवढंच मला कळलं होतं. माणसाला ज्योतीखेरीज दुसरंही काही पाहावं लागतं, हे माझ्या गणितात नव्हतं.

"भट्टीचं मला काही वाटत नाही," काका म्हणाले. "कारखानेवाल्यांनी दुसऱ्या बरण्या केल्या असतील. पण हे? हे तू आदर म्हणून केलंस?"

मी मान हलवली.

"अजून काय लपवलंयस? आत्ता सांग. आत्ताच."

मी त्यांच्या बोटातल्या किल्लीकडे पाहिलं. गेल्या महिन्यात मी त्यांच्या मागून येत होतो. त्यांनी स्टॉपच्या पाटीवर वेगही कमी केला नव्हता, आणि वळताना मान वळवून पाहिलं नव्हतं. टेक्ससमध्ये गाडी काढून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दूध आणायलासुद्धा दुसऱ्याचं तोंड पाहायचं. मी त्या दिवशीही घरी येऊन गप्प बसलो होतो.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आता गाडी चालवू नये."

काका ताठ झाले. दारातून काकू म्हणाल्या, "मी वर्षभर हेच सांगतेय. तर म्हणतात, तुला काय कळतं, तू मागच्या सीटवरची ड्रायव्हर."

"तू गप्प बस गं," काका म्हणाले. मग माझ्याकडे पाहत राहिले. शोधत होते, मी कुठे चाळीस मिळवलेत का. मग किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

"मग मंगळागौरीला हिला कोण सोडणार?"

"मी."

"आणि सोमवारी माझी दातांची अपॉइंटमेंट आहे. गुरुवारी देवळात भजन असतं."

"मी नेईन."

"नेशीलच. जाशील कुठे?"

आम्ही माझ्या गाडीतून निघालो. काका पुढे माझ्याशेजारी, काकू मागे. पहिलाच सिग्नल लाल झाला, मी ब्रेक लावला, आणि काकांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"फार उशिरा ब्रेक मारतोस तू," ते म्हणाले. "पहिल्यापासून. आणि लेन बदलताना इंडिकेटर देतोस तो वळून झाल्यावर."

"कधी बोलला नाहीत, काका."

"वाईट वाटलं असतं तुला," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.